अरुंद रस्त्यावर सायकलला ओव्हरटेक: किती अंतर, किती वेळ, आणि सायकल लेनच्या मधून का?

स्टेपनी

दुपदरी रस्ता, दुभाजक नाही, प्रत्येक लेन साधारण ३ मीटरची. पुढे ताशी २० किमीने चाललेली सायकल, मागे कार. डावी कड मोकळी दिसत असते, तरी सायकल लेनच्या मध्यावर. हॉर्न दिला की काही जण आणखीच मध्ये येतात आणि मग दोन्हीकडून शिव्या सुरू होतात.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. कड सोडून मधून चालवण्यामागे ठोस कारण काय? ओव्हरटेक करताना किती अंतर ठेवायचं आणि समोरचा रस्ता किती रिकामा हवा? आणि सायकलवाल्याला न दचकवता आपण मागे आहोत हे कळवायचं कसं? "संयम ठेवा" एवढ्यावर भागणार नाही, मीटर आणि सेकंदांत सांगा.

फ्रीव्हील

मीटरमध्येच सांगतो. कड म्हणजे डावी बाजू धरली आहे. वाहतूक उजवीकडून चालते तिथे सगळं उलटं वाचावं.

समजा सायकल कडेपासून अर्धा मीटर आत आहे. हँडल साधारण ६० सेंमी रुंद असतं, म्हणजे त्याचं उजवं टोक कडेपासून ८० सेंमीवर आलं. त्यापुढे दीड मीटर मोकळी जागा, झाले २.३ मीटर. कार आरशांसकट २ मीटर धरा, एकूण ४.३. तुमची लेन ३ मीटरची आहे. म्हणजे सायकल कडेला असली तरी कार १.३ मीटर समोरच्या लेनमध्ये जाणारच आणि ती लेन रिकामी लागणारच. आता सायकल लेनच्या मध्यावर ठेवून हाच हिशेब करा: ५.३ मीटर. दोन्ही लेन मिळून ६ मीटर आहेत, त्यात बसतं. समोरची लेन याही वेळी रिकामीच हवी. तेव्हा सायकल मधून चालल्याने तुमची ओव्हरटेकची संधी जात नाही. संधी समोरून येणाऱ्या गाडीमुळे जाते.

समोरून गाडी येत असताना आपल्याच लेनमधून काढायची म्हटली तर ३ मीटरमधून सायकलचे ०.८ आणि कारचे २ मीटर वजा करा. उरले २० सेंमी. एक वीत. सायकल कडेला दिसली की या एका वीतेतून कट मारायचा मोह होतो, आणि तो होऊ नये म्हणूनच जाणता सायकलस्वार अरुंद जागी मध्यावर येतो. रस्ता रुंद झाला की त्याने पुन्हा डावीकडे सरकायला हवं, हेही खरं.

कड "मोकळी" असते ती कारच्या सीटवरून. सायकलचा टायर २८ ते ३५ मिलीमीटरचा. कडेला काय असतं पाहा: वाहून आलेली बारीक खडी, काचा, खाली दबलेलं चेंबरचं झाकण, गटाराची जाळी. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेला समांतर असतील तर पुढचं चाक आत जाऊन अडकतं. सगळ्यात वाईट म्हणजे डांबराची तुटलेली कड. समजा डांबर आणि बाजूपट्टी यांत ५ सेंमीची पायरी आहे आणि सायकल खाली उतरली. परत वर येताना चाक त्या पायरीला तिरपं घासतं, चढत नाही. सायकल तोल सांभाळते ती चाक सतत थोडं डावं-उजवं वळवून. पायरीने चाकाचं उजवीकडे वळणंच अडवलं, अंग मात्र उजवीकडे झुकलेलं, त्यामुळे माणूस पडतो तो उजवीकडे, मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात. म्हणून कडेला अगदी चिकटून चालवायला कोणीही शिकवू नये. खडबडीत कडेपासून निदान अर्धा मीटर, आणि उभ्या गाड्यांची रांग असेल तर त्या गाड्यांपासून हँडलचं टोक सव्वा मीटर लांब. कारचं दार पूर्ण उघडलं की जवळपास मीटरभर बाहेर येतं.

दाराचा विषय निघालाच आहे तर: गाडीतून उतरताना दार दारापासून लांबच्या हाताने उघडावं. उजव्या सीटवरच्याने डाव्या हाताने, डाव्या सीटवरच्याने उजव्या हाताने. खांदा आपोआप वळतो आणि मागचा रस्ता दिसतो. याला 'डच रीच' म्हणतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ही सूचना २०२२ साली आली.

दीड मीटर हा आकडाही कोणाच्या लहरीतून आलेला नाही. जर्मनीत २०२० पासून वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर २ मीटर किमान अंतर लिहून दिलेलं आहे. फ्रान्समध्ये वस्तीत १ आणि बाहेर दीड. स्पेनमध्ये दीड मीटर, शिवाय एकाच दिशेला दोन किंवा जास्त लेन असतील तर पूर्ण लेन बदलून जायचं. हे अंतर कारच्या आरशाच्या टोकापासून मोजायचं. पत्र्यापासून मोजलं की तिथेच १५-२० सेंमी कमी होतात.

पहिला_गिअर

सेकंदांचा भाग मी घेतो.

कार ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, सायकल २० म्हणजे ५.६. फरक ८.३ मीटर. सायकलच्या १५ मीटर मागून बाहेर पडून, तिला ओलांडून, १० मीटर पुढे जाऊन परत लेनमध्ये यायचं तर दोन्ही वाहनांची लांबी धरून सुमारे ३१ मीटरची आघाडी भरून काढावी लागते. त्याला पावणेचार सेकंद लागतात आणि तेवढ्यात कार ५२ मीटर रस्ता खाते. समोरून ५० ने येणारी गाडीही ५२ मीटर खाते. दोन्ही मिळून १०४, वर सुरक्षिततेसाठी निम्मं आणखी. तेव्हा १५० मीटर स्वच्छ दिसत नसतील तर निघू नये. समोरचा ८० ने येत असेल तर २०० धरा. हा हिशेब कार आधीच ५० ने चालली असेल तरचा. सायकलच्या वेगाला येऊन मागे अडकला असाल तर ५० गाठायलाच काही सेकंद जातात. तेव्हा आधी गिअर खाली घ्या, सायकलपासून अंतर वाढवा, मोकळी जागा दिसली की वेग वाढवतच बाहेर पडा.

बरेच ड्रायव्हर नेमकं उलट करतात. सायकलच्या मागे ४-५ मीटरवर चिकटून राहतात. तिथून समोरचं नीट दिसत नाही, वेग घ्यायला जागा नसते आणि इंजिनचा आवाज कानाशी आल्याने सायकलस्वार बिचकतो. २० च्या वेगाला ११-१२ मीटर मागे, म्हणजे दोन सेकंदांचं अंतर, हे किमान.

थांबल्याने वेळ किती जातो तेही मोजा. २०० मीटरचा अरुंद पट्टा सायकलमागून २० ने काढला तर ३६ सेकंद, ५० ने काढला तर साडेचौदा. नुकसान साडेएकवीस सेकंदांचं.

ओव्हरटेक केल्यावर सायकल मधल्या आरशात पूर्ण दिसेपर्यंत डावीकडे येऊ नका. आणि डावं वळण १०० मीटरच्या आत असेल तर ओव्हरटेकच करू नका. ५२ मीटर ओलांडायला गेले, वळणासाठी ५० वरून १५ पर्यंत सावकाश वेग उतरवायला आणखी ४४. ब्रेक लावाल तेव्हा सायकल तुमच्या डाव्या दाराशी पोचलेली असेल आणि तुम्ही तिच्या अंगावर वळाल. "सायकल काय, मागेच राहिली असेल" हा अंदाज इथे घात करतो. बॅटरीवरची सायकल २५ ने आरामात चालते, म्हणजे चार सेकंदांत २८ मीटर.

हॉर्नबद्दल. जवळून जोराचा हॉर्न दिला की माणूस उजव्या खांद्यावरून मागे बघतो. मान वळते, खांदा वळतो, उजवा हात हँडल ओढतो आणि सायकल उजवीकडे सरकते. तुम्हाला वाटतं मुद्दाम मध्ये आला. कळवायचंच असेल तर ४०-५० मीटर मागून एकदा हलकं 'पीप', नंतर शांत. रात्री डिपर मारू नये. आपल्याच प्रकाशात त्याची लांबलचक सावली पुढे पडते आणि खड्डा त्या सावलीत लपतो.

स्टेपनी

बेरजा करून पाहिल्या, बरोबर येतात. वीतभर जागेचा हिशेब तर कधी मांडलाच नव्हता. चढ-उताराला हेच आकडे धरायचे का? आणि ट्रक-बसच्या आसपास सायकलवाले ज्या पद्धतीने घुसतात, त्याचं काय?

मागचा_आरसा

अवजड गाड्यांचं मी सांगतो. हे सायकलवाल्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावं अशी कळकळीची विनंती आहे.

लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत, आतून कापत जातात. म्हणून डावीकडे वळायच्या आधी ड्रायव्हर गाडी उजवीकडे फाकवतो. मागून बघणाऱ्याला वाटतं, ट्रक उजवीकडे चाललाय, डावीकडे मस्त जागा झाली. ती जागा तीन-चार सेकंदांत मिटते, आणि आत सापडलेला मागच्या चाकांखाली जातो. सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे सरकायचं नाही. इंडिकेटर नसला तरी नाही. पुढे रस्ता कितीही मोकळा दिसला तरी नाही.

केबिनच्या अगदी नाकासमोर उभं राहणंही तितकंच वाईट. सीट उंच असते, काचेची खालची कड जमिनीपासून खूप वर असते, त्यामुळे बंपरला लागून उभा असलेला माणूस ड्रायव्हरला थेट दिसतच नाही. थांबायचं तर ट्रकच्या मागे, लेनच्या मध्यावर, आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल अशा जागी. तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

ड्रायव्हरमंडळींसाठी: ८० च्या वेगाने ट्रक सायकलजवळून गेला की आधी हवेचा धक्का तिला बाहेर ढकलतो, लगेच मागची पोकळी आत ओढते. आडवा वारा असेल तर ट्रकच्या आडोशाला वारा क्षणभर बंद होतो आणि वाऱ्यावर रेललेली सायकल त्या बाजूला कलंडते. तिथे दीड मीटर पुरत नाही. २ मीटर द्या आणि वेग उतरवा.

फ्रीव्हील यांच्या एका मुद्द्यावर मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. अरुंद पट्ट्यात मध्यावर राहणं ठीक, पण मागे पाच-सहा वाहनं साचली तर पुढच्या पहिल्या रुंद जागी सायकलवाल्याने बाजूला होऊन साइड द्यावी. त्याचे दहा-पंधरा सेकंद जातील. रांगेतला सहावा ड्रायव्हर मात्र पुढे आंधळ्या वळणावर काढायचा प्रयत्न करतो, आणि तो तिथे नकोय.

फ्रीव्हील

मान्य. लिहायचं राहून गेलं होतं.

चढ-उताराचं: चढावर सायकल ८-१० किमीवर येते. वेग कमी झाला की तोल सांभाळायला हँडल जास्त हलवावं लागतं, शिवाय उभं राहून पायडल मारताना सायकल दोन्हीकडे झुलते. तिथे अंतर वाढवा. उतारावर हीच सायकल ४०-५० ला पोचते. तिला वळणात पूर्ण लेन लागते, आणि जोरात ब्रेक लावला तर मागचं चाक उचलू लागतं, म्हणून तिला थांबायला कारपेक्षा लांब अंतर लागतं. उतारावर ओव्हरटेकचा विचार सोडून तीन सेकंद मागे राहा. ४५ च्या वेगाला ते ३७-३८ मीटर होतात.

अ‍ॅलन_की

आता सायकलवाल्यांच्या चुका, कारण अर्धी चिडचिड त्यांतून येते.

उलट्या दिशेने चालवणं आधी बंद करा. "समोरून येणारं दिसतं" हे कारण हिशेबात टिकत नाही. त्याच दिशेने चाललात तर ५० ने येणारी कार सेकंदाला ८.३ मीटरने जवळ येते, उलट्या दिशेने १९.४ ने. ३० मीटरवरून दिसलात तर ड्रायव्हरला साडेतीन सेकंदांऐवजी दीड सेकंद मिळतो. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा उजवीकडे बघत असतो आणि तुम्ही त्याच्या डाव्या हाताने येता.

सिग्नलला पाच-सहाच गाड्या असतील आणि पुढचा रस्ता अरुंद असेल तर रांगेतच थांबा. पुढे घुसलात तर ज्यांनी नुकतंच मोठ्या मुश्किलीने ओव्हरटेक केलं, त्यांनाच तुम्ही पुन्हा तीच कसरत करायला लावता. रांग लांब असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही ट्रकचा नियम आधी.

जोडीने चालवण्यावरून फार वाद होतात. दहा सायकली एकामागे एक, मध्ये मीटरभर जागा, तर रांग २७ मीटरची. दोन-दोन केल्या की १३ मीटर. मागच्याला समोरच्या लेनमध्ये साधारण पावणेदोन सेकंद कमी राहावं लागतं, म्हणजे २३ मीटर रस्ता वाचतो. त्यामुळे मोठ्या गटाने जोडीने चालणं मागच्याच्याही सोयीचं. दोघंच असाल आणि गप्पांसाठी शेजारी चालत असाल, तर मागे गाडी आल्यावर एकामागे एक व्हा. तीन जण शेजारी कधीच नाही.

वळायच्या किंवा खड्डा चुकवायच्या आधी मागे बघायचं तंत्र शिका: कोपर ढिलं सोडा, हनुवटी खांद्याकडे न्या, अंग वळवू नका. रिकाम्या मैदानात सरळ पट्ट्यावरून चालवत सराव करा, चाक पट्टा सोडेनासं होईपर्यंत. मग हात दाखवा, दोन सेकंद थांबा, मग सरका. हात दाखवणं आणि वळणं एकाच क्षणी केलं तर हाताचा काही उपयोग नाही. हँडलच्या टोकाला छोटा आरसा बसवला तर उत्तम, पण मान वळवणं त्याने सुटत नाही.

दिव्यांत हमखास होणारी चूक म्हणजे मागचा दिवा कॅरिअरवरच्या पिशवीने किंवा लांब जॅकेटने झाकला जाणं. सायकल स्टँडवर लावा, सामान चढवा, दहा पावलं मागे जाऊन बघा. नुसता लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण अंधारात त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. एक दिवा स्थिर ठेवा, हवा तर दुसरा लुकलुकता. पुढचा दिवा खाली झुकवा: ५ मीटरवरच्या भिंतीवर उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर समोरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात. घोट्याला परावर्तक पट्टी बांधा, दोन्ही पायांना. पायडलबरोबर ती वर-खाली होते आणि समोर सायकल आहे हे ड्रायव्हरला चटकन ओळखू येतं. पाठीवरच्या स्थिर पट्टीने तेवढं होत नाही.

स्टेपनी

कालपर्यंत मी अंतर पत्र्यापासूनच धरत होतो. आता आरशापासून धरेन आणि १०० मीटरच्या आत वळायचं असेल तर मागेच राहीन. एक शंका उरली: पावसात दीड मीटर पुरतं का?

पहिला_गिअर

नाही, २ मीटर धरा. चाकांनी उडालेलं पाणी थेट चेहऱ्यावर जातं आणि क्षणभर काहीच दिसत नाही. रिमला घासणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत ते पकडत नाहीत. चेंबरची लोखंडी झाकणं आणि रंगाचे पांढरे पट्टे ओले झाले की घसरतात, त्यामुळे सायकल ते चुकवायला अचानक उजवीकडे येईल. पुढे झाकण दिसलं की ती येणारच असं धरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला.