वेळ डावांमुळे नाही, मधल्या रेंगाळण्यामुळे जायचा

बेसबॉलचा सामना चार-चार तास संपत नाही, असं कुणीतरी म्हणतंच. हे आता जुनं झालं. 2021 मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वात वरची व्यावसायिक स्पर्धा) नऊ डावांच्या सामन्याला सरासरी 3 तास 10 मिनिटं लागत होती, 2023 मध्ये ती साधारण 2 तास 40 मिनिटांवर आली. डाव तेवढेच, खेळाडू तेवढेच. मग अर्धा तास गेला कुठे? पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू चोळत उभा, बॅटर ग्लोव्हच्या पट्ट्या सोडतोय-बांधतोय, त्यात जायचा तो! 2023 पासून घड्याळ लावलं: बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांवर) कुणी नसेल तर 15 सेकंदांत चेंडू टाकायचा. पिचरने उशीर केला तर ‘बॉल’ (असे चार झाले की बॅटर आयता पहिल्या बेसवर), बॅटर वेळेत तयार नसला तर ‘स्ट्राइक’ (असे तीन झाले की बाद). फुकटात.

मात्र बरोबरी झाली की अजूनही कितीही डाव चालू शकतात. 1981 मध्ये पॉटकेट आणि रोचेस्टर या मायनर लीगमधल्या (मेजरच्या खालच्या स्तरावरच्या) संघांचा सामना पहाटे चारनंतर थांबवला, तेव्हा 32 डाव झाले होते आणि स्टँडमध्ये उरले होते 19 प्रेक्षक. (त्यांच्या घरी काय सांगितलं असेल कोण जाणे.) जूनमध्ये पुन्हा सुरू केला, तर 18 मिनिटांत निकाल! आता मेजर लीगमध्ये दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करतात, म्हणून सामना लवकर आटोपतो. घड्याळ मला पटलं, हा आयता धावपटू मात्र नाही.