वुहानचं हॉस्पिटल आणि बिम

'वुहानचं हॉस्पिटल दहा दिवसांत झालं ते डिजिटल मॉडेलमुळे' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. (हे मॉडेल म्हणजे बिम, 'बिल्डिंग इन्फॉर्मेशन मॉडेलिंग': बांधण्याआधी संगणकावर उभं केलेलं इमारतीचं थ्रीडी मॉडेल.) कोविडसाठीच्या या हुओशेनशान हॉस्पिटलचा निर्णय २३ जानेवारी २०२० चा आणि २ फेब्रुवारीला ते लष्कराच्या ताब्यात गेलंसुद्धा. सुमारे १००० खाटा! पण २००३ मध्ये सार्सच्या वेळी बीजिंगजवळ शियाओतांगशान हॉस्पिटल असंच आठवड्याभरात बांधलं होतं, त्याची ड्रॉइंग्ज हाताशी होती. शिवाय कारखान्यातून आलेल्या कंटेनरसारख्या तयार खोल्या, आणि रात्रंदिवस राबणारी हजारो माणसं.

मग बिमचा उपयोग कुठे? माझ्या मते मुख्यतः फॉल्स सीलिंगच्या वरच्या जागेत. निगेटिव्ह प्रेशर वॉर्डात (जिथे हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात) हवा स्वच्छ भागाकडून रुग्णाच्या खोलीकडे जायला हवी आणि तिथून फिल्टर होऊनच बाहेर पडायला हवी. त्यामुळे हवा वाहून नेणारे मोठाले डक्ट, ऑक्सिजनची लाइन, केबल ट्रे, सगळे एकाच अरुंद कॉरिडॉरवर गर्दी करतात. टूडी ड्रॉइंगमध्ये त्यांची टक्कर सहज नजरेतून सुटते. साइटवर कळली, की डक्ट कापा, नवा बनवा, तोवर फॉल्स सीलिंगवाले बसून. (आणि मग खापर कुणावर, यावर मीटिंग.) मॉडेलमध्ये हे आधीच दिसतं. बाहेर सोडलेली दूषित हवा ताज्या हवेच्या इनटेककडे वळतेय का, हेही सिम्युलेशनने आधी तपासता येतं.

सॉफ्टवेअर घ्यायला हरकत नाही, पण तयार खोल्यांची मापं कारखान्यांशी आधीच ठरलेली नसतील, तर त्या मॉडेलमध्ये भरणार काय?