आम्लपित्ताच्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे का?

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर):
माझे वडील ५८ वर्षांचे असून यंत्रमागावर काम करतात. रात्रपाळीहून आल्यावर भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन ते लगेच आडवे होतात आणि थोड्याच वेळात छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी येते. पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी बरेच महिने चालू आहे, तरी पुरता उतार नाही. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सौम्य सूज दिसल्यावर डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. हे आमचे वर्षानुवर्षांचे डॉक्टर आहेत. दुसरीकडे गेलो तर त्यांचा अवमान होईल, असे वडिलांना वाटते.

उत्तर (जुळे सोलापूर):
यात अवमान मुळीच नाही. दुसरे मत घेणे हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत नोंदवलेला हक्क आहे. एंडोस्कोपीचा अहवाल, बायोप्सी घेतली असल्यास तिचा अहवाल आणि औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या मागून घ्या. शक्यतो पोटविकारतज्ज्ञांनाच दाखवा. वडील गोळी नेमकी केव्हा घेतात?

प्रश्नकर्ता:
जेवून झाल्यावर, झोपण्यापूर्वी.

उत्तर (जुळे सोलापूर):
मग हे नव्या डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. जठरातील आम्ल तयार करणारी यंत्रणा जेवणाने जागी होते आणि ही गोळी तीच बंद पाडते, म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. जेवणानंतर घेतल्यास तिचा गुण बराच कमी होतो. रात्रपाळीत कोणत्या जेवणाआधी घ्यायची, हे विचारून घ्या. जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर हवे आणि खाटेची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करावी. नुसत्या उशा वाढवून पोट दुमडते.

उत्तर (सात रस्ता):
शस्त्रक्रिया वाईट नव्हे, योग्य रुग्णाला तिचा चांगला लाभ होतो. मात्र सूज सौम्य असताना आम्ल खरोखर वर येते का, हे २४ तासांच्या पीएच तपासणीने आणि अन्ननलिकेची हालचाल मॅनोमेट्रीने पाहिल्याशिवाय होकार देऊ नये, कारण नंतर काहींना घास अडकण्याचा किंवा पोट फुगण्याचा त्रास होतो. या तपासण्या झाल्या आहेत का, हे आधीच्या डॉक्टरांनाही आदराने विचारता येईल.

उत्तर (होटगी रोड):
गिळताना त्रास, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काहीही असल्यास दुसऱ्या मताची वाट न पाहता तातडीने दाखवा. चालताना किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल, तर पित्त समजून थांबू नका. आधी हृदयाचा ईसीजी काढा.