क्वांटम संशोधनात नव्या विद्यार्थ्याने काय निवडावे : त्रुटिसुधारणा की अल्गोरिदम?

धागाकर्ता
क्वांटम माहितीशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणारे अनेक विद्यार्थी हल्ली क्वांटम मशीन लर्निंगकडे ओढले जातात. त्यांनी त्रुटिसुधारणेचा, म्हणजे क्वांटम यंत्रातील चुका ओळखून दुरुस्त करण्याचा, सिद्धांत निवडावा, असे माझे ठाम मत आहे. आजच्या चांगल्या यंत्रांतही दोन क्युबिटांवरच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम माहितीचे मूलभूत एकक) साधारण हजार क्रियांमागे काही चुका होतात, आणि शोरच्या पद्धतीने, म्हणजे मोठ्या संख्यांचे अवयव पाडणाऱ्या क्वांटम अल्गोरिदमने, २०४८ बिटांच्या आरएसए (प्रचलित कूटलेखन पद्धत) संख्येचे अवयव पाडायचे, तर अब्जावधी क्रिया बिनचूक पार पडाव्या लागतात. ही दरी त्रुटिसुधारणेवाचून भरून निघणार नाही. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्युबिटांच्या ‘विलो’ चिपचे जे निष्कर्ष जाहीर केले, त्यांत सरफेस कोडचे (क्युबिट जाळीत मांडून चुका पकडणाऱ्या कोडचे) अंतर, म्हणजे चुका सोसण्याच्या क्षमतेचे माप, ३ वरून ५ आणि ५ वरून ७ करताना तार्किक चुकांचे (दुरुस्तीनंतरही उरणाऱ्या चुकांचे) प्रमाण दर टप्प्याला सुमारे निम्म्यावर आले.

गणितप्रेमी
मी असहमत आहे. बिनचूक यंत्र उद्या हाती आले, तरी त्यावर चालवायचे काय? शोरची पद्धत १९९४ची, ग्रोव्हरची शोध घेण्याची पद्धत १९९६ची, आणि ग्रोव्हरचा लाभ केवळ वर्गमुळाइतका, म्हणजे N पायऱ्यांऐवजी सुमारे √N. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने क्वांटम हल्ल्यांना तोंड देणाऱ्या कूटलेखनाची पहिली मानके प्रसिद्ध केल्यामुळे आरएसए फोडण्याचे महत्त्वही कालांतराने ओसरेल. रेणू आणि पदार्थांचे अनुकरण हा भक्कम उपयोग उरतो, पण एवढ्यावर समाधान मानणे मला पटत नाही. शिवाय त्रुटिसुधारणेत आता मोठ्या कंपन्यांचे मोठे गट उतरले आहेत. एकट्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तिथे काय येणार?

धागाकर्ता
बरेच काही येते, कारण या क्षेत्रातील मोठी झेप कागद-पेन्सिलीनेच घेतली गेली. विरळ तपासण्यांचे (प्रत्येक तपासणी मोजक्याच क्युबिटांवर), पण दर (यंत्रातील प्रत्यक्ष, म्हणजे भौतिक, क्युबिटांमागे मिळणारे चुकांपासून संरक्षित, म्हणजे तार्किक, क्युबिट) आणि अंतर दोन्ही चांगले असलेले क्वांटम कोड अस्तित्वात आहेत का, हा प्रश्न वीसेक वर्षे खुला होता. पान्तेलेयेव आणि कलाचेव या दोन गणितज्ञांनी २०२१ मध्ये त्याचे होकारार्थी उत्तर दिले. आयबीएमच्या गटाने २०२४ मध्ये मांडलेल्या याच कुळातील एका कोडमध्ये १२ तार्किक क्युबिट २८८ भौतिक क्युबिटांत मावतात, तर सरफेस कोडला त्याच कामासाठी जवळपास ३००० लागतात.

निम्नसीमा
दोघांच्याही नजरेतून एक विषय निसटला आहे. शिफारशी सुचवणाऱ्या क्वांटम अल्गोरिदमला तोडीस तोड अभिजात (साध्या संगणकावर चालणारा) अल्गोरिदम असूच शकत नाही, हे सिद्ध करायला २०१८ मध्ये इविन टँग ही पदवीची विद्यार्थिनी बसली आणि तसा अभिजात अल्गोरिदमच शोधून उठली. क्वांटम मशीन लर्निंगमधील कितीतरी दावे त्यानंतर ढासळले. लाभ नेमका कुठे नाही, हे दाखवणे हे आज मला सर्वांत प्रामाणिक संशोधन वाटते.

धागाकर्ता
मान्य, मशीन लर्निंगबद्दलची माझी शंका यातूनच आली आहे. पण २०२४ मध्ये स्टीफन जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला अल्गोरिदमही पाहावा. इष्टतमीकरणाचा (सर्वांत चांगला पर्याय शोधण्याचा) प्रश्न तो थेट त्रुटिसुधारक कोडच्या डिकोडिंगमध्ये (चुका ओळखून मूळ संदेश काढण्यात) रूपांतरित करतो. कोडचा अभ्यास केलेल्यालाच अशी वाट दिसते.

गणितप्रेमी
त्या कामातील सर्वांत लक्षणीय उदाहरण रीड-सॉलोमन कोडवर उभे आहे, आणि तो १९६०चा अभिजात कोड आहे. त्याचे डिकोडिंग अनेक दशकांपासून ठाऊक होते. नवे होते ते त्याला फूरिए रूपांतराशी (संकेत लहरींत मोडणाऱ्या गणिती पद्धतीशी) जोडणे, आणि ती अल्गोरिदमची कल्पना आहे. माझा विद्यार्थी असता तर कोणत्या कोडसाठी हा लाभ टिकतो आणि कोणत्यासाठी टँगसारखे कोणी तो मोडून काढेल, हाच प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला असता.