मदत हवी आहे : बॉब विल्सचे काउबॉय पिक्चर

वेस्टर्न स्विंगवाला (कंट्री आणि जॅझ मिसळलेलं अमेरिकी संगीत) व्हायोलिनवादक बॉब विल्स, टेक्सास प्लेबॉइज बँडचा, तुल्साच्या रेडिओवरून गाजलेला, तो 1940 मध्ये नट टेक्स रिटरसोबत पिक्चरमध्ये आला आणि मग कोलंबिया स्टुडिओच्या वेस्टर्न म्हणजे काउबॉय पिक्चरमध्ये नट रसेल हेडनबरोबर. मी व्हायोलिन शिकतोय, बॉबचं मनगट बो (गज) ओढताना कसं वळतं ते बघायचंय, रेकॉर्डवर त्याचं ते ‘आऽऽहा’ ऐकू येतं, हात थोडाच दिसतो! 1940 चा पाहिला, प्रिंट इतकी धूसर की बोटं एकमेकांत मिसळतात. हेडनवाल्यांचे ऑनलाइन नुसते तुकडे सापडले, नावं नाहीत. डीव्हीडी प्लेअर नाही, पैसे भरून बघायला तयार आहे, सबटायटल नसले तरी चालतील. हेडनबरोबरच्या कुठल्या पिक्चरमध्ये बॉबचं वादन जवळून आणि सलग दिसतं, आणि भारतातून चांगली प्रिंट कुठे मिळेल?