शब्दचर्चा : ‘फ्रोझन फ्लो’ला ‘गोठलेला प्रवाह’ म्हणावं का?

पंचवटी : नाशिकमधल्या अभियांत्रिकीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. विषय हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून जास्त, वेगातल्या वायूच्या रासायनिक अभिक्रिया आणि त्यांचं संगणकावरचं गणित. गाडी ‘फ्रोझन फ्लो’पाशी, म्हणजे ज्यात अभिक्रिया थांबल्यात असं धरतात त्या प्रवाहापाशी, अडलीय. ‘गोठलेला प्रवाह’ लिहिलं की डोळ्यांपुढे बर्फ येतो, आणि इथे वायू हजारो केल्व्हिनला असू शकतो. दुसरा शब्द आहे का?

ओझर : आमच्या डोक्यावरून सुखोई जातं. त्याचा कमाल वेग ध्वनीच्या साधारण दुप्पट, पण हवेचं रसायन वगैरे कधी ऐकलं नाही. घर्षणाने हवा पेटते असं काही आहे का?

पंचवटी : पेटत नाही हो. सुखोईच्या वेगाला हवा तापते, पण हवाच राहते. मॅक ५ च्या, म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाच्या, पुढे प्रकरण बदलू लागतं. यानाच्या बोथट नाकापुढे आघात तरंग (शॉक वेव्ह) उभा राहतो, त्यात हवा एकदम दाबली जाते आणि तापते. घर्षणाचा वाटा पृष्ठभागालगतच्या थरात. वातावरणाइतक्या दाबाला साधारण २,००० केल्व्हिनच्या पुढे ऑक्सिजनचे रेणू फुटू लागतात, ४,००० च्या पुढे नायट्रोजनचे. त्या फुटण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते. अपोलोच्या परतीचा, मॅक ३६ चा हिशेब रसायन वगळून केला तर आघात तरंगामागचं तापमान ५८ हजार केल्व्हिनच्या आसपास येतं. रसायन धरलं की साडेअकरा हजारांच्या जवळ.

गंगापूर रोड : मूळ प्रश्नावर येऊ. ‘गोठवणे’ मराठीत थंडीपुरता कुठे राहिलाय? बँक खातं गोठवतात, महागाई भत्ता गोठवतात. बदल थांबवणे हा अर्थ पक्का रुळलाय. गणितातही नेमकं तेच होतं. नायट्रोजन, ऑक्सिजन, नायट्रिक ऑक्साइड, सुटा नायट्रोजन, सुटा ऑक्सिजन अशा पाच घटकांचं प्रत्येकी एक समीकरण मांडतात. अभिक्रियेमुळे होणारी वाढ-घट दाखवणारं पद शून्य धरलं की प्रवाह ‘फ्रोझन’. वायू पुढे सरकायला लागणारा वेळ अभिक्रियेच्या वेळेपेक्षा फारच कमी असेल तर हे चालतं; उलट असेल तर अभिक्रिया पुऱ्या होऊन रासायनिक समतोल साधला असं धरायचं. खरी डोकेदुखी दोन्ही वेळ तोडीस तोड असतात तिथे.

माझी हरकत विशेषणाच्या जागेला आहे. गोठतं ते घटकांचं प्रमाण. प्रवाह सुसाट चाललेलाच असतो. शॉक टनेलमध्ये (असे वेग प्रयोगशाळेत क्षणभर निर्माण करणाऱ्या यंत्रात) तापलेला वायू नॉझलमधून, म्हणजे रुंदावत जाणाऱ्या तोटीतून, फैलावतो, झपाट्याने थंड होतो, पण फुटलेल्या अणूंना परत जुळायला सवडच मिळत नाही. अंग गार, घटक मात्र भट्टीतले! त्यामुळे तिथला प्रयोग संगणकावर उतरवताना समोरून स्वच्छ हवा येते असं धरलं तर उत्तर फसतं. हिशेब नॉझलपासूनच सुरू करावा लागतो. अशा ठिकाणी ‘गोठलेला प्रवाह’ वाचून कुणी तापमानाबद्दल बोलतोय असंच समजेल. म्हणून ‘घटक-गोठित प्रवाह’ लिहा.

सिडको : कोर्टाचा ‘जैसे थे’ आहे की! ‘जैसे थे प्रवाह’.

गंगापूर रोड : वर्गात तोंडी सांगायला झकास. पण ‘जैसे थे’ची क्रियापदं कशी करणार? ‘गोठला’, ‘गोठवला’, ‘गोठू लागतो’ हे सगळं लागतं. नॉझलमध्ये कुठल्या टप्प्यावर गोठतो, हा तर रोजचा प्रश्न.

पंचवटी : ‘घटक-गोठित’ घेतो, पहिल्या उल्लेखाला ‘घटकांचं प्रमाण गोठलेला’ असं फोडून लिहीन. आता ‘स्टिफ’ समीकरणांना ‘ताठर’ चालेल का? अभिक्रिया इतक्या झटपट असतात की साध्या पद्धतीने काळाचं पाऊल अगदीच बारीक घ्यावं लागतं, नाहीतर गणित उधळतं.

ओझर : ताठर चालेल. ‘कडक’ नको, तो चहाला राहू द्या.