इंकस्केपमध्ये (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) खोक्याच्या बाजूवर नाव बसवायचंय, पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दिसणं) नीट येत नाहीये

नवीन_रेघ: एका खोक्याचं चित्र काढलंय, त्याच्या उजव्या बाजूवर लेबल आणि नाव बसवायचंय. टेक्स्ट आणि चौकोन सिलेक्ट करून पर्स्पेक्टिव्ह दिलं तर एरर येतो. मग एन्व्हलप (चार कोपऱ्यांत आकार ताणून बसवणारी सोय) वापरून बघितलं, त्यात चारही कोपरे बरोबर बसले पण नाव खोटंच वाटतंय, लांबची अक्षरं उंचीला कमी झालीत पण रुंदीला जवळच्यांएवढीच आहेत. दोन दिवस ह्यातच अडकलोय, कुणी सांगेल का?

पाथवाला: एररचं कारण म्हणजे टेक्स्ट अजून टेक्स्टच आहे. आधी कंट्रोल-शिफ्ट-सी मारून त्याचा पाथ, म्हणजे बिंदू-रेषांचा आकार, कर (एक कॉपी बाजूला ठेव, नंतर स्पेलिंग बदलता येणार नाही). चौकोन रेक्टँगल टूलने काढला असशील तर त्याचाही पाथ करावा लागेल, त्यापेक्षा पेन टूलनेच चार बिंदू दे, खाली डावीकडून सुरू करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, सुरुवात चुकली की अक्षरं आडवी नाहीतर उलटी पडतात. सिलेक्ट करताना आधी नाव, मग शिफ्ट धरून चौकोन. मग मेनूमध्ये एक्स्टेन्शन्स, मॉडिफाय पाथ, पर्स्पेक्टिव्ह.

तिरपी_रेषा: वरचं सगळं बरोबर आहे, पण नाव खोटं का वाटतंय ते महत्त्वाचं आहे आणि तू ते अगदी बरोबर पकडलंयस. एन्व्हलप फक्त आकार ताणतं, त्याला लांब-जवळ कळत नाही. समज लेबलची जवळची कड १०० मिमी, लांबची ५०, आणि मधलं अंतर ९०. एन्व्हलपमध्ये लेबलचा मध्य ४५ वर येतो. आता समोरासमोरचे कोपरे जोडून दोन कर्ण काढून बघ, ते जवळच्या कडेपासून ६० मिमीवर छेदतात, आणि खरा मध्य तोच, म्हणजे जवळच्या अर्ध्याला ६० आणि लांबच्या अर्ध्याला फक्त ३०. कुठलंही सॉफ्टवेअर असो, मी ही फुली मारून बघितल्याशिवाय पुढे जातच नाही.

आणि हो, लेबलला बॉर्डर असेल तर आधी स्ट्रोक टू पाथ कर, म्हणजे त्या रेघेचाही आकार बनव, नाहीतर रेघ लांबपर्यंत सारख्याच जाडीची राहते आणि सगळी मेहनत वाया जाते.

नवीन_रेघ: झालं!! फुली मारली तर माझा मध्य खरंच जवळच्या बाजूला सरकलेला होता. आता नावातलं मधलं अक्षर बरोब्बर फुलीवर आलंय. पण खोका अजून थोडा फिरवायचाय, मग प्रत्येक वेळी पहिल्यापासून करायचं का?

पाथवाला: नाही रे, पाथ इफेक्ट्समध्ये पर्स्पेक्टिव्ह/एन्व्हलप आहे ते लाव, कोपरे नंतर कितीही वेळा ओढता येतात. फक्त त्यात टाइप पर्स्पेक्टिव्ह ठेवलाय ना ते बघ, नाहीतर परत तेच एन्व्हलप.